देव म्हशीबद्दल बोलला नव्हता

श्रीशैल हत्तरकीला देवाची प्रेरणा झाली की त्याच्या तोंडातल्या 'हाय'चं 'आहे' व्हायचं. हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात यायला चोपन्न वर्षं आणि एक म्हैस लागली.

एरवी माणूस अस्सल कोल्हापुरी. उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शिरोळकडची ऊसवाली मंडळी जळालेले पंप टेम्पोत घालून आणायची आणि हा त्यांच्यावरच ओरडायचा, "दोन फेजवर चालवली न्हवं? मग जळंल न्हाय तर काय आरती म्हणंल?" गिऱ्हाईकं त्याला मिस्त्री म्हणत. रविवारी मात्र हाच मिस्त्री पांढरा शर्ट घालून, टाय बांधून राजारामपुरीतल्या एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जायचा आणि तिथं पंचवीस-तीस माणसं त्याला अध्यक्ष म्हणायची.

घर मूळचं लिंगायत, गाव सीमेलगतचं, घरातलं निम्मं बोलणं कानडी. बाविसाव्या वर्षी तो बेंगळुरूच्या एका कारखान्यात लागला. तिथं त्याला छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन अमेरिकन पोरं भेटली. पोरांना धड कानडी येत नव्हती, ह्याला धड इंग्रजी. तरी प्रार्थना कशी करायची हे त्यांनी शिकवलं, आणि ती करताना ह्याच्या छातीत असं काही ऊबदार झालं, की वर्षाच्या आत हा बाप्तिस्मा घेऊन येशू ख्रिस्ताच्या 'अंतिम दिवसांतील संतांच्या मंडळी'त गेला. लोक ह्या मंडळींना मॉर्मन म्हणतात. दारू, तंबाखू वर्ज्य, चहा-कॉफीही वर्ज्य. तो कोल्हापूरला परत आला तेव्हा भावकीनं देव बदलल्याचं एक वेळ सोसलं. "पर च्या सोडला?" असं म्हणून चुलता बसाप्पा जो रुसला, तो मरेपर्यंत त्याच्या दारात आला नाही. बायको शिवलीला पुढं स्वतःहून मंडळीत आली. चहा तिनंही सोडला, पण शेजारच्या घरात आलं ठेचायचा आवाज आला की तिचे हात अजून थांबतात.

ह्या मंडळीत पगारी धर्मगुरू नसतो. कधी वायरमन, कधी शाळामास्तर, कधी मोटार बांधणारा, ज्याच्यावर जबाबदारी येईल त्यानं ती काही वर्षं सांभाळायची. त्यांचा नबी अमेरिकेत राहतो आणि देव आजही त्याच्याशी बोलतो, अशी त्यांची श्रद्धा. जगासाठी नबीशी बोलतो, शाखेसाठी शाखेच्या अध्यक्षाशी आणि घरासाठी आईबापाशी.

मग नबी बोलला ते सगळंच देवाचं का? हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. रविवारच्या वर्गात श्रीशैलनं वीस वर्षं त्याचं उत्तर शिकवलं होतं. "हे बघा, नबी जेवताना म्हणाला की आज भाजी खारट झालीया, तर ते काय शास्त्र न्हवं. ते त्याचं आन् त्याच्या बायकोचं काय ते. पवित्र आत्म्यानं बोलवलं तर ते देवाचं. आन् ते देवाचं हाय का न्हाय ते वळखायला ऐकणाऱ्यापाशीबी त्योच आत्मा लागतो. म्हणून ऐकायचं, घरी जायचं, गुडघं टेकायचं आन् इचारायचं." भाजीच्या उदाहरणाला हशा ठरलेला. श्रीशैलला हा धडा फार आवडायचा. तो दुसऱ्यांसाठी आहे अशी त्याची समजूत होती.

मग दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक वरिष्ठ आले. मंडळींनी उजवे हात वर करून संमती दिली, वरिष्ठांनी श्रीशैलच्या डोक्यावर हात ठेवले, आणि मोटार रिवाइंडिंगवाला शाखेचा अध्यक्ष झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला प्रेरणा व्हायला लागल्या.

पहिली प्रेरणा खुर्च्या गोलात मांडण्याबद्दल होती. दुसरी, भजनं जरा संथ गाण्याबद्दल. तिसरी महिन्याच्या सामुदायिक जेवणाबद्दल होती. वेदीवरून तो गंभीर आवाजात म्हणाला, "बंधुभगिनींनो, मला असं जाणवलं आहे, की जेवणात वांगं नसावं." वांगं गेलं. श्रीशैलला लहानपणापासून वांगं आवडत नव्हतं. देवालाही आवडत नाही हे कळून त्याला मनातून फार बरं वाटलं.

तर ह्या शाखेत गुंडू होता. वय तेवीस, फौंड्रीत कामाला, मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बाप नाही. आई बयाबाई आणि चंद्री नावाची म्हैस, एवढंच घर. बयाबाई रोज सकाळी चंद्रीला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायची आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दुधाचे ग्लास भरून द्यायची. ती काही मंडळीत आली नव्हती. "मला हाय त्यो देव पुरं," म्हणायची. पण पोरगं तंबाखू सोडून सरळ घरी यायला लागलं म्हणून तिची तक्रारही नव्हती.

एका शुक्रवारी दुपारी गुंडू सहज दुकानात येऊन बसला होता. समोर एक प्राध्यापक गिऱ्हाईक उभे होते. शिकलेलं माणूस समोर असलं की श्रीशैलची भाषा आपोआप इस्त्री करून यायची. नुकतीच वार्निश लावलेली एक मोटार त्यानं वाळायला उंबऱ्याबाहेर ठेवली होती. तेवढ्यात गल्लीतून म्हशींचा कळप आला आणि त्यातल्या एकीनं, अंग खाजत असावं, त्या ओल्या वार्निशला आपली बरगडी मनसोक्त घासली. केसांनी माखलेल्या मोटारीकडं बघत श्रीशैलनं डोळे मिटले. प्राध्यापक नसते तर त्यानं जे म्हटलं असतं ते इथं लिहिता आलं नसतं. प्राध्यापक होते म्हणून तो सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाला, "माणसाने म्हशी ठेवूच नयेत. विकून टाकाव्यात. त्यातच कल्याण आहे."

गुंडू उठला आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, एवढ्यात बाहेरून हाक आली. "मिस्त्री! भाईर ये!"

दारात बयाबाई. हातात रिकामी चरवी.

"काय झालं मावशी?"

"माझी चंद्री कुठं हाय?"

"मला काय म्हाईत? मी मोटारी बांधतो, म्हशी न्हाय."

"मग माझ्या पोराला कुणी सांगितलं म्हस ईक म्हणून? म्हणतंय, अध्यक्षांच्या तोंडातनं देव बोलला. तुझ्या देवाचं माझ्या म्हशीनं काय घोडं मारलंय? गंगावेशीत गिऱ्हाईकं गिलास घिऊन हुबी हायती. म्हस न्हाय. तू येतोस का हुबा ऱ्हायाला?"

गल्लीतली लेथ मशीन एकेक करून बंद पडली. लोक बाहेर आले. श्रीशैलला एक वाक्य बोलायचं होतं फक्त, 'मावशी, ते देव बोलला न्हाय, मी वार्निशच्या रागात बोललो.' पण समोर वीसेक माणसं, आणि शाखेत पंचवीस. अध्यक्षाचं एक वाक्य रागातलं निघालं तर लोक बाकीचीही तपासायला घेतील. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "मावशी, देवाचे मार्ग गूढ आहेत."

"गूढ न्हाय, मुरगूड!" बयाबाई कडाडली. "मुरगूडच्या माणसानं न्हेलीया!"

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. बयाबाई मात्र हसली नाही. चरवी तिथंच उंबऱ्यावर ठेवून ती चालू लागली, आणि पाठमोरी असताना तिनं पदर डोळ्याला लावलेला श्रीशैलनं पाहिला. दिवसभर ती चरवी दारात होती. येईल तो विचारायचा, "मिस्त्री, दूधबी घालतासा व्हय?"

संध्याकाळी जेवताना त्यानं शिवलीलाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "पण कोणास ठाऊक, देवाची काही योजना असेलही. मला वाटते आहे—"

"थांबा," शिवलीला म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी तीही पुरुषी ठेक्यात बोलायची. "तुम्ही 'आहे' म्हणाला की मी समजतो, ह्ये तुमचंच हाय."

"म्हणजे?"

"वांग्याच्या येळंला 'आहे' म्हणालासा. खुर्च्यांच्या येळंलाबी. आपल्या लग्नात माझ्या बापाला काय म्हणालतासा? 'मला काहीही नको आहे.' आन् घड्याळ बघून घेतलं हुतं. देव तुमच्याशी बोलत आसंल, मी न्हाय म्हणत न्हाय. पर त्यो पुण्याचा न्हाय एवढं नक्की."

श्रीशैलनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. दोन वर्षांतली एकेक प्रेरणा त्याच्या डोळ्यांसमोरून जायला लागली, आणि गंमत म्हणजे प्रत्येकीच्या मागं कुठंतरी तो स्वतःच उभा दिसला. भजनं संथ, कारण वरची पट्टी त्याला झेपायची नाही. खुर्च्या गोल, कारण गोलात मध्ये बसणारा सगळ्यांना दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं गुंडूला गाठलं. फौंड्रीच्या दारात, पाळी सुटताना. "गुंड्या, म्हशीचं ते मी रागानं बोललो. देवाचं न्हवतं ते."

गुंडूनं त्याच्याकडं बघितलं आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अध्यक्ष, तुम्ही माझी परीक्षा बघालाईसा."

"आरं परीक्षा कसली! खरंच सांगालोय!"

"न्हाय अध्यक्ष. तुम्ही बोलला तवा माझ्या अंगावर काटा आल्ता."

"वार्निशच्या वासानं आला आसंल!"

"तुम्ही असं म्हणणार, ते मला वाटलंच हुतं," गुंडू म्हणाला. श्रीशैलनं कपाळाला हात लावला. रागात काहीतरी बोलला तेव्हा लगेच विश्वास, आणि आता खरं सांगतोय तर कोण ऐकायला तयार नाही.

"बरं, घरी जाऊन गुडघं टेकलंस का? इचारलंस का देवाला?"

"तुम्ही सांगितल्यावर मी कशाला इचारू?" गुंडू अगदी साधेपणानं म्हणाला.

हे वाक्य श्रीशैलला लागलं. वीस वर्षं तो लोकांना 'विचारा' म्हणून शिकवत आला होता. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी विचारणं सोडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडलं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी उपवास करतात. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्यानं पुढं येऊन आपली साक्ष द्यायची. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा घोट असा प्रभुभोजनाचा विधी झाला आणि श्रीशैल उठला. मागं भिंतीपाशी बयाबाई येऊन बसली होती. का आली होती कोण जाणे. चरवी परत मागायला असेल, नाहीतर तमाशा बघायला.

"बंधुभगिनींनो, मी आज आपल्यासमोर—" त्यानं सुरुवात केली आणि थांबला. शिवलीला बघत होती. त्यानं टाय जरा सैल केला.

"हे बघा. गुंडूला म्हस ईक म्हणून देवानं सांगितलं न्हवतं. मी बोललो. वार्निश खराब झालं म्हणून बोललो. बयामावशी दारात आल्या, तवा खरं सांगायचं धाडस झालं न्हाय. देवाच्या नावावर ढकललं. एवढंच हाय."

डाव्या बाजूनं सुष्मिताचा आवाज आला. ही शाखेतली शाळामास्तरीण, भजनांना पेटी वाजवायची. "अध्यक्ष, मग वांग्याचं?"

"ते... माझंच."

"दोन वर्षं आम्ही वांगं खाल्लं नाही!"

"घरी खायाला कुणी नको म्हटलं हुतं?"

"खुर्च्यांचं?" "भजनाचं?" "माझ्या पोराला आयटीआयला घाला म्हणालतासा, त्याचं काय?" सगळीकडून प्रश्न सुटले. श्रीशैल वेदीला धरून उभा होता. आयटीआयचं काय, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणताना त्याला आत काहीतरी वाटलं होतं. पण त्यालाही आयटीआयचं पोरगं दुकानात लागतच होतं.

"मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "काही त्याचं आसंल, काही माझं. मला वेगळं करता येईना झालंय. तुम्हीच इचारा त्याला."

तेव्हा गंगव्वा उठली. शिरोळची म्हातारी, विधवा, दर रविवारी एसटीनं यायची आणि कधी एक शब्द बोलायची नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती पुढं आली.

"बाकीचं मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर ह्यो एकदा माझ्याशी बोलला, ते देवाचं हुतं. मी सांगतो."

श्रीशैलला आठवेना. "काय बोललो, अक्का?"

"पूर वसरल्यावर माझ्या घरी आलतास. भिंतीला चिखल. मी वट्ट्यावर बसल्याली. त्या दिवशी माझ्या मनात लई वंगाळ हुतं, काय ते सांगत न्हाय. तू आलास, बसलास, आन् म्हणालास, 'ऊट आतेन, अक्का?'"

जेवण झालं का, अक्का. कानडीतले साधे शब्द. श्रीशैलला एकदम तो दिवस आठवला आणि त्याचा चेहरा पडला. कारण त्याला पुढचंही आठवलं. तो सकाळपासून एका बुडालेल्या पंपावर काम करत होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि गंगव्वा वाढेल ह्या आशेनं त्यानं ते विचारलं होतं.

आज खरं बोलायचाच दिवस होता. "अक्का, मला भूक लागलती म्हणून मी इचारलं हुतं."

लोक हसले. गंगव्वा हसली नाही. "लागू दे की, तम्मा. तुला भूक लागलती, म्हणून देवाला काय अडचण? माझी ईळभर कुणी इचारपूस केली न्हवती. मी उठलो, चूल पेटवली, तुला वाढलं, मीबी जेवलो. तू बोललास तवा मला हितं," तिनं छातीवर हात ठेवला, "कळलं, ह्यो ह्याचा सबूद न्हवं. तुला कळलं नसंल. मला कळलं." आणि ती जाऊन बसली.

दोन वर्षं टाय बांधून जी गोष्ट श्रीशैल मागत होता, ती त्याच्या तोंडून एकदा निघून गेली होती आणि त्या वेळी त्याचं सगळं लक्ष भाकरीकडं होतं.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो गुंडूला घेऊन मुरगूडला गेला; चारचौघांत कबूल केल्यावर ते गुंडूलाही पटलं होतं. चंद्री नेणारा हंबीरराव बागायतदार माणूस, मिशा पिळलेल्या.

"म्हस परत पायजे? का? देवानं मत बदललं?"

"देवाचं मत न्हवतंच. माझं हुतं."

"मी तर तिला रोज नमस्कार करालोय! पोरगं म्हणालं, देवाच्या सांगण्यानं ईकालोय."

हंबीरराव आधी हसला, मग विहिरीवरच्या जळालेल्या दोन मोटारींकडं बोट दाखवून म्हणाला, "त्या बांधून दे. म्हस घिऊन जा." गुंडूनं विक्रीचा पैसा जसाच्या तसा परत केला, श्रीशैलनं पुढल्या आठवड्यात दोन्ही मोटारी बांधून दिल्या. ज्या टेम्पोतून मोटारी गेल्या, त्याच टेम्पोतून चंद्री आली. मागं तिला धरून अध्यक्ष उभे. कागलच्या पुढं एका खड्ड्यात चंद्रीनं त्यांच्या पायावर पाय दिला आणि कोल्हापूर येईपर्यंत काढला नाही.

बयाबाईनं म्हशीच्या गळ्यात हात टाकला. श्रीशैलकडं बघितलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात एक चरवी भरून दूध आलं, सोबत निरोप नाही.

त्यानंतर शाखेत जेवणात वांगं आलं आणि भजनं वरच्या पट्टीत गेली. श्रीशैल काही बोलला की कुणीतरी हटकून विचारायचं, "अध्यक्ष, ह्ये खारट भाजी का शास्त्र?" त्याला सुरुवातीला टोचायचं. नंतर तोच आधी सांगून टाकायला लागला, "खारट भाजी हाय, पर ऐका."

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी गुंडू त्याच्या घरी आला. मंडळीतली तरुण पोरं दोन वर्षं घरदार सोडून प्रचाराला जातात, तसं जावं का, हा प्रश्न बरेच दिवस चालला होता. कोल्हापूरच्या शाखेतून अजून कुणी गेलं नव्हतं. गुंडू गेला तर पहिला. पुण्याहून वरिष्ठ येतील, निरोपसमारंभ होईल, अध्यक्षांचं भाषण होईल. ह्या वेळी श्रीशैलला आतून अगदी स्पष्ट वाटत होतं, गुंडूनं जावं. छातीत ऊबही होती.

"अध्यक्ष, मी तीन दिवस इचारलं देवाला," गुंडू म्हणाला. "उत्तर मिळालं. जाणार न्हाय. आईला सोडून जायाचं न्हाय मला, एवढं कळलं."

श्रीशैलनं तोंड उघडलं. "गुंडू, मला असे वाटते आ—"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. शिवलीलानं मुद्दाम वाजवलं का सहज वाजलं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं तोंड मिटलं.

गुंडू बरोबर बोलत होता का? त्याच्या तोंडून देव बोलला, का आईची माया बोलली? ऐकणाऱ्यापाशीही तोच आत्मा लागतो, असं वीस वर्षं शिकवलेला माणूस पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या जागेवर बसला होता. त्यानं डोळे मिटले आणि मनापासून कान दिला. बराच वेळ त्याला फक्त मांडीखाली घेतलेल्या पायाला आलेल्या मुंग्या कळल्या. छातीतली ऊब होती, पण ती गुंडूच्या जाण्याची होती का त्या भाषणाची, ते सांगता येईना.

"अध्यक्ष? काय म्हणालासा?"

"काय न्हाय," श्रीशैल म्हणाला. "मीबी आज इचारतो त्याला. तुझ्याइतकं लवकर उत्तर मिळंल असं न्हाय." मग त्यानं विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय अजून."

"मग बस की," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "आणखी एक ताट घ्या!"